अर्धं ठेवणारा मेव्हणा

माझ्या मेव्हण्याने उभ्या जन्मात एकही गोष्ट संपवली नाही, आणि संपवणाऱ्याला तो येडा म्हणायचा. आम्ही दोघांनी शेवटचं काय केलं, तर ओट्यावर बसून कुत्र्याला गोळी चारली. संध्याकाळची वेळ. मी भाकरी आणि भाजलेला जवळा घेऊन आलो, तो मांडी ठोकून बसलेला, मध्ये आमचा कुत्रा बोंबल्या. गोळी पोटात गेली तशी त्याने विडी पेटवली, अर्धी ओढली, विझवून दाराच्या चौकटीवर ठेवली आणि म्हणाला, "भावजी, उरलेली उद्या दुपारी आल्यावर. कोणाला हात लावू देऊ नका." मी म्हटलं, "तुझी थुंकी लागलेली विडी कोण चोरतोय रे?" तो हसत पेण स्टेशनकडे चालू लागला. घरी नातीचा वाढदिवस होता, म्हणून एका रात्रीपुरता रोह्याला.

चहा घेतला की अर्धा प्यायचा, उरलेल्यावर बशी झाकून ठेवायचा. अंगाचा साबण सुरीने कापून अर्धा न्हाणीत, अर्धा ट्रंकेत. जत्रेतलं नाटक मध्यंतरापर्यंत बघून उठायचा. मी एकदा म्हटलं, अरे, खून कोणी केला ते तरी बघ. तर म्हणाला, "पुढल्या वर्षी बघू." पुढल्या वर्षी दुसरंच नाटक आलं. याचं काही अडलं नाही, याने त्या नाटकातलाही अर्धाच खून बघितला. माझी बायको त्याची थोरली बहीण. तिला तो बाय म्हणायचा. ती कधी रागावली तर सांगायचा, "अगो बाय, सगळं संपवलं की देवाला वाटतं याचं काम झालं, आता याला उचला. मागं कायतरी उरलेलं असलं की माणसाला परत यावंच लागतं." बायको हसायची आणि त्याच्या ताटात आणखी भात वाढायची. तोही तो अर्धाच खायचा.

इथवर ठीक होतं. साबणाने कोणी मरत नाही. पण हा प्राणी रोह्याच्या एका कंपनीत औषधाची पिंपं उचलायला होता, आणि तेवढ्यावरून स्वतःला अर्धा डॉक्टर समजायचा. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात उरलेल्या गोळ्या साठवायचा. स्वतःच्या, सुनेच्या, शेजाऱ्याच्या दातदुखीच्या, कोणाच्या बाळंतपणाच्या. प्रत्येक पट्टी अर्धी. दोन दिवस घ्यायची, बरं वाटलं की थांबायचं, उरलेली डब्यात. आमच्याकडे यायचा तो खिसे भरून. वाटेत लंगडं कुत्रं दिसलं की गोळी, खरूज दिसली की गोळी. आमच्या आळीतली कुत्री त्याला पाहुणा समजून भुंकायची नाहीत, डॉक्टर समजून पळायची.

बोंबल्या माझ्या बायकोचा. मी आयुष्यभर मिठागरावर राबलो. एकदा ती माझा डबा घेऊन आली आणि बांधावरून हे पिल्लू पदरात घालून घरी गेली. सुक्या बोंबलासारखं वाळलेलं होतं म्हणून ते नाव. त्याला पाठीवर पुळ्या उठायच्या, पू धरायच्या. मेव्हणा यायचा, दोन दिवस गोळी द्यायचा, जखम सुकायची. बायको कौतुकाने म्हणायची, "माझ्या भावाच्या हाताला गुण हाय." मेव्हणा उरलेली पट्टी डब्यात टाकायचा. काही दिवसांनी पुळ्या परत. परत वेगळ्या रंगाच्या गोळ्या. बायको गेली तरी हे चालूच राहिलं.

ती गेल्यावर बोंबल्या मागच्या दारात, ती मासळी निवडायला बसायची त्याच जागी पडून असायचा. तशात त्याची पाठ अशी फुटली की शेपटीपर्यंत मांस दिसायला लागलं. अंग तापलेलं, अन्नाला तोंड लावेना. मेव्हण्याने डबा पालथा घातला. कुठल्याच गोळीने काही होईना. मी घाबरलो. बायकोला एकदा पोचवून आलो होतो. ते काम परत करायची ताकद माझ्यात नव्हती.

पेणला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत, वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी पू काडीवर घेतला, तपासायला मुंबईला पाठवला. उत्तर येईपर्यंत मी जेवलो काय आणि झोपलो काय, मला आठवत नाही. उत्तर आलं तेव्हा बाईंचं तोंड उतरलेलं.

"याला आधी गोळ्या कोणी दिल्या?"

सोबत आलेला मेव्हणा छाती काढून म्हणाला, "मी. कंपनीत होतो."

"औषधं बनवायचात?"

"पिंपं उचलायचो."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, दोन दिवसांत मरतात ते पिचके जंतू. दांडगे मागे राहतात. नेमकी तेव्हाच तुम्ही गोळी थांबवता. मग वाढतात ती दांडग्यांचीच पोरंबाळं. याच्या पाठीतल्या जंतूंना आता कसलीच भीती उरली नाही. एकच औषध लागू पडतंय. तेही अर्धवट दिलंत तर माझ्याकडे दुसरं काही नाही. आणि हात लावलात की साबणाने धुवा, हे माणसालाही चिकटू शकतं."

मेव्हण्याने बोंबल्याच्या पाठीकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हणजे मी जे उरवलं, ते ह्याच्या पाठीत उरलं?"

"तसंच समजा. तो डबा आणून द्या मला."

"नको बाई, तुम्हाला कशाला त्रास. कुंडलिकेत टाकून देतो."

"नदीत?" बाई ओरडल्या. "आता नदीतल्या जंतूंनाही शिकवणार?"

घरी येताना मी सरळ सांगितलं, "माझ्या बायकोचं कुत्रं मेलं तर तुझ्या रोह्याच्या दारात आणून पुरीन." तो नेहमीसारखा उलटून बोलला नाही. नुसता "व्हय" म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याने डबा बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि ट्रंक घेऊन माझ्याकडे राहायलाच आला.

आणि मग असा बदलला, की आधीचा बरा होता म्हणायची पाळी आली. कोंबडा आरवायच्या आधी उठून मला हलवायचा, "भावजी, गोळीची वेळ झाली." गोळी दिल्यावर विजेरी घेऊन कुत्र्याच्या जबड्यात बघायचा. गिळली का, की गालात ठेवलीय? तुळशीमागे थुंकून आला असेल म्हणून तिथली माती उकरायचा. हात इतके धुवायचा की ट्रंकेतला अर्धा साबणसुद्धा बाहेर निघाला. पण माझ्या हातून बोंबल्या गोळी घेईना. कशातही घाला, भाकरी खायचा आणि गोळी अलगद बाहेर काढून ठेवायचा. मेव्हण्याने युक्ती काढली. जवळ्याच्या घासात औषध दडवायचा, स्वतःच्या तोंडाशी न्यायचा, मचमच आवाज करायचा, डोळे मिटून मान डोलवायचा, "आई शप्पत! काय जवळा भाजलाय! कोणाला देणार नाय!" आणि तोंड फिरवून हात मागे धरायचा. बोंबल्या झडप घालायचा. "भावजी, ह्याला दिलेलं नको, चोरलेलं पायजे. तुम्ही पण शिका." मी म्हटलं, "मी नाय असले चाळे करायचा. आळी हसते."

हळूहळू पाठीवर खपली धरली, ताप उतरला. आणि तिथेच माझी धाकधूक वाढली. जखम सुकली की थांबायचं, हा मेव्हण्याचा जन्माचा धर्म. मी पट्टी उशाशी घेऊन झोपायला लागलो. त्याने ते बघितलं. म्हणाला, "भावजी, भिऊ नका. ही पट्टी रिकामी झालेली मला बघायचीय. रिकामी पट्टी कशी दिसते, मला ठाऊकच नाय." चौकटीवर विडी ठेवून तो नातीच्या वाढदिवसाला रोह्याला गेला, त्या संध्याकाळी पट्टीत बऱ्याच गोळ्या बाकी होत्या.

सकाळी फटफटायला लागलं तेव्हा त्याच्या मुलाचा फोन आला. बाबा झोपेतच गेले, म्हणाला.

मी सदरा घातला. पायात वहाणा घातल्या. मग परत काढल्या, चूल पेटवली आणि जवळा भाजला. बोंबल्या ओट्यावर येऊन रस्त्याकडे बघत बसला होता. मी त्याच्यासमोर मांडी घातली, गोळी दडवली, पुढे धरली. त्याने वास घेतला आणि तोंड फिरवलं. परत धरली. परत तेच. ही एक चुकली की पाठीतले दांडगे टपलेले होतेच.

मग मी तो घास माझ्या तोंडाशी नेला. मचमच केलं. डोळे मिटून मान डोलवली. आळीभर ऐकू जाईल असा ओरडलो, "आई शप्पत! काय जवळा भाजलाय! कोणाला देणार नाय!" शेजारीण पाण्याची कळशी घेऊन चालली होती, ती थबकली, पदर तोंडाला लावून उभी राहिली. हसत होती की काय, मी बघितलं नाही. हात मागे धरला. बोटांना ओलं नाक लागलं, आणि घास गेला.

विजेरी आणून जबडा बघितला. गिळली होती.

हात धुतले. पट्टी खिशात घातली, बोंबल्याला साखळी लावली आणि शेजारच्याचा टेम्पो सांगितला. संध्याकाळची गोळी रोह्यातच द्यायची होती. कुलूप लावताना चौकटीवरची विडी दिसली. तिला हात लावला नाही.