विहिरीला विचारून काढलेले पाणी

बनारसला गंगा चढली की सारे शहर नदी बघायला घाटाकडे धावते. यज्ञेश्वर सप्रे मात्र त्या दिवसांत घरोघरच्या विहिरी बघत हिंडतात. हातात सुती दोर, दोराला वीत-वीत अंतरावर गाठी आणि टोकाला पितळी लोटा. लोटा पाण्याला टेकला की ते गाठी मोजतात, आणि मोजून झाल्या की पुन्हा एकदा मोजतात.

त्यांचे पूर्वज महाराष्ट्रातून काशीला आले त्याला आता सहा-सात पिढ्या झाल्या. घराण्यात भिक्षुकी चालत आली, पण यज्ञेश्वरकाकांनी रेल्वेच्या पंपघरात बत्तीस वर्षे काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक लहानसा डिझेल पंप विकत घेतला. तो पंप वर्षातले दहा महिने पलंगाखाली झोपतो. "लोकांकडे म्हातारपणी नातवंडं येतात, आमच्याकडे हा आला," असे त्यांची बायको कालिंदीकाकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पूर ओसरू लागला की पंप जागा होतो, आणि त्याच्यासोबत काकाही.

त्यांच्या कामाची ही गोष्ट राजा घाटाच्या वरच्या गल्लीतली आहे.

त्या गल्लीत सुनीती आठल्ये खानावळ चालवते. पितृपक्षात महाराष्ट्रातून माणसे पिंडदानाला येतात. विधी उरकले, नावेतून फिरणे झाले, की त्यांना पुरीभाजी नको होते. साधे वरण, मऊ भात, अळूची भाजी हवी असते. ती सुनीतीच्या हातची मिळते. नवरा रेल्वेत, बदलीवर लखनौला. घरात ती आणि तिचा धाकटा दीर मुकुल. मुकुल बँकेत आहे. घरात मराठी बोलता बोलता तो कधी हिंदीत शिरतो ते त्याचे त्यालाही कळत नाही.

घर उतारावर आहे, म्हणून जमीन विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली आहे आणि वर चुनारच्या दगडाच्या लाद्या टाकल्या आहेत. लाद्यांच्या खाली कमरेइतकी पोकळी. घरचे तिला तहखाना म्हणतात, पण तिथे माणसाला रांगतच जावे लागते. यंदाच्या पुरात पाणी घरात आले नाही, पण ही पोकळी लाद्यांपर्यंत भरली. वर चालताना पायाखाली डुबुक डुबुक आवाज येई.

अमळनेरची चाळीस माणसे पंचमीला जेवायला येणार होती. हाताशी अकरा दिवस होते. मागच्या पुराच्या वर्षी खानावळ बंद राहिली, तेव्हा दुसरीकडे गेलेली माणसे पुन्हा फिरकली नव्हती. यंदाही तसेच झाले तर खानावळ कायमची बंद करायची, असे सुनीतीने मनाशी ठरवले होते. हे तिने फक्त काकांना सांगितले.

काकांनी ऐकून घेतले आणि आधी चौकातल्या विहिरीवर गेले. तहखान्याचा तळ जितका खोल, तितक्या अंतरावर त्यांनी दोराला लाल चिंधी बांधली आणि लोटा सोडला.

"पाणी चिंधीच्या तीन गाठी वर आहे," ते म्हणाले. "आत्ता उपसलं तर खालून येईल. पाच दिवस थांब, सुनीती."

"काका, गंगा उतरतेय की," मुकुल म्हणाला. "मोबाइलवर दर घंट्याला आकडा येतो."

"मोबाइल गंगेचा आकडा सांगतो रे. तुझ्या घराखालचा कोण सांगणार?"

"मोठी मोटर लावली तर दोन घंटे का काम है."

"लाव. दोन तासांत रिकामं होईल, मग पुन्हा भरेल. तुझी मोटर थकेल, गंगा थकायची नाही."

काका दोर गुंडाळून निघून गेले. मुकुलने वहिनीकडे पाहिले. "असं दोर सोडत बसले तर पंचमी निघून जाईल, वहिनी."

 अकरातले दोन दिवस गेल्यावर रविवार आला. ती भाजी आणायला गेली असताना मुकुलने भाड्याची मोठी मोटर आणून लावली. बाराच्या आत तहखाना कोरडा. मुकुलने आत रांगत जाऊन स्वतःचा फोटो काढला आणि लखनौला भावाला पाठवला. सुनीती आली, तिनेही डोकावून पाहिले, आणि तिला बरे वाटले. खोटे कशाला सांगायचे, काकांचा थोडा रागही आला.

चारच्या सुमारास ती थालीपीठ लावत होती. तव्यावर सोडलेले तेल एका कडेला जाऊन बसले. तिने तवा सरळ केला. तेल पुन्हा तिकडेच गेले. मग तिने शेगडी पाहिली, ओटा पाहिला, आणि शेवटी पायाखालची लादी पाहिली. विहिरीकडची लादी बोटभर खाली गेली होती.

मुकुल खाली डोकावला. तळाच्या मातीतून जागोजाग पाणी वर येत होते, भाताला आधण यावे तसे, आणि पाण्याबरोबर पांढरी बारीक रेती येत होती.

काकांना फोन गेला. एरवी चहा संपल्याशिवाय न उठणारा माणूस कप तसाच टाकून आला. तहखान्याच्या तोंडाशी ते पालथे पडले, चिमूटभर रेती घेऊन बोटांत चोळली आणि म्हणाले, "मोटर कुठे आहे?"

"ही काय. लगेच सुरू करतो, पुन्हा उपसतो," मुकुल म्हणाला.

"उपसायचं नाही. एक पाइप विहिरीत टाक, दुसरा तहखान्यात. भर."

"क्या?"

"पाणी परत भर."

मुकुल सुनीतीकडे बघू लागला. काकांना वाटले सुनीती अडवील, म्हणून ते तिच्याशी बोलले. "बाहेरचं पाणी खालून रेटतंय आणि आत त्याला अडवायला कोणी नाही. रेती निघतेय ती खांबाखालची आहे, सुनीती. आत पाणी भरलं की दोन्ही पाणी समोरासमोर उभी राहतील, मग माती जागची हलणार नाही. खांब राहिला तर जमीन राहील. जमीन राहिली तर तुझी पंगत."

सुनीतीने पदर खोचला. "भावजी, मोटर लावा."

सकाळीच कोरड्या केलेल्या जागेत ते तिघे विहिरीचे पाणी भरत बसले. पाइप पुरेना म्हणून शेवटी बादल्या. शेजारचा दूधवाला दारातून पाहत उभा राहिला.

"का गुरु," त्याने काकांना विचारले, "गंगाजी के घरे वापस बोलावत हउआ?"

"पाहुणी आहे. चहा न घेता निघाली होती, म्हणून परत बोलावतोय," काका म्हणाले. दूधवाल्याला मराठी कळत नव्हते, पण सुनीतीला हसू आवरेना, आणि रडू येत असताना हसू आल्यामुळे तिच्या हातची बादली सांडली.

अंधार पडायच्या आत बुडबुडे थांबले. लादी आणखी खचली नाही. मुकुलने पाइप गुंडाळून ठेवले. मग म्हणाला, "काका, उद्यापासून दोर मी सोडू?"

"सोड. पण दोनदा मोज."

मुकुल बँकेत जाण्याआधी एकदा आणि आल्यावर एकदा दोर सोडू लागला. चौथ्या दिवशी सकाळी त्याने गल्लीतूनच काकांना हाक मारली, "काका, चिंधी वर, पाणी नीचे!"

आता काकांचा लहान पंप आला. सकाळी वीतभर पाणी काढायचे, पंप बंद करायचा, विहीर बघायची; संध्याकाळी आणखी वीतभर. विहिरीतला गाळ काढतात तशी त्यांची ही रीत, मात्र वीतभर पाणी उरेपर्यंत ते गाळाला हात लावत नाहीत, आणि ते शेवटचे वीतभर पाणी कधीच वाया घालवत नाहीत. शेवटच्या वीतभर पाण्यात ते आणि मुकुल खराटे घेऊन रांगत उतरले. गाळ ढवळला, पाणी कढीसारखे दाट झाले, आणि पंपाने पाण्याबरोबर गाळही ओढून गल्लीच्या गटारात नेला. गाळ तसाच वाळू दिला असता तर तो पहारीनेही निघाला नसता.

मग वाळवणे. खचलेल्या लादीखाली विटा रचून सागाच्या पाचरी ठोकल्या. तहखान्याच्या समोरासमोरच्या भिंतींतल्या, हवेसाठी ठेवलेल्या दोन्ही जाळ्या उघडल्या. एका जाळीशी पंखा बाहेर तोंड करून लावला, म्हणजे तो आतली ओल ओढून बाहेर टाकी. भिंतींना चुना मारला. कोळशाची शेगडी आत ठेवू का, असे सुनीतीने विचारले, तेव्हा काका पहिल्यांदाच चढ्या आवाजात म्हणाले, "बंद जागेत कोळसा नाही. माणूस झोपतो आणि उठत नाही."

"मग वाळलं हे कळणार कसं?"

"पापड आण. उडदाचा. भाजून."

ताटलीत भाजलेला पापड घालून त्यांनी एक ताटली पूर्वेच्या जाळीशी ठेवली, दुसरी विहिरीकडे. दुसऱ्या दिवशी दोन्ही पापड चामड्यासारखे; त्यांच्या जागी ताजे भाजून ठेवले. तिसऱ्या दिवशी, म्हणजे पंचमीच्या आदल्या दिवशी, पूर्वेकडचा कडकन मोडला. विहिरीकडचा नुसता वाकला.

"अर्धा पास," मुकुल म्हणाला.

"अर्ध्यात चाळीस माणसं कशी बसवू?" सुनीतीने विचारले.

काका खाली बसून एकेक लादी हाताने ठोकत गेले. मग त्यांनी तांदळाची पोती आणून पूर्वेच्या अर्ध्या भागावर रात्रभर ठेवायला सांगितली. सकाळी खाली जाऊन पाहिले, एकही खांब हलला नव्हता. विहिरीकडच्या भागावर त्यांनी खाट आडवी टाकली. "इथे कोणी पाय ठेवायचा नाही. वीस-वीसच्या दोन पंगती. आणि पहिली बसेपर्यंत मी खाली असेन."

"काका, तुमचं पान मी वर मांडलंय."

"पान नंतर. आधी पाचरी बघू दे."

अमळनेरची माणसे दुपारी आली, पाय धुऊन बसली. चटणी, मीठ, लिंबू वाढून झाले. सुनीती भाताचे पातेले घेऊन दारात उभी राहिली, पण तिचा पाय पुढे पडेना. पंगतीतल्या एका आजोबांनी मुकुलला विचारले, "काय राहिलंय, बाळा?"

"आमचे काका खाली आहेत. फरशीखाली. त्यांनी हो म्हटलं की वाढणार."

आजोबांनी फरशीकडे पाहिले आणि तिच्यावर टेकलेला हात हळूच उचलून घेतला. मग सगळी पंगत फरशीकडे बघू लागली आणि कोणी हालचाल करीना.

खाली काका पालथे पडून टॉर्चच्या उजेडात शेवटच्या पाचरीवर तळहात ठेवून होते. वीस माणसांचे ओझे लाद्यांवर बसले होते. पाचर थंड होती, घट्ट होती.

"वहिनी उभ्या आहेत, काका," मुकुलने तहखान्याच्या तोंडाशी वाकून विचारले. "काय सांगू?"

"वाढा म्हणावं," खालून आवाज आला. "आणि भात गरम असेल तर मला एक वाटी इथेच दे. मी दुसरी पंगत उठेपर्यंत काही वर येत नाही."

सुनीतीने भाताची पहिली मूद त्या आजोबांच्या पानात घातली.