घरात किती माणसं

लोकांच्या घरात शिरायला पाहणीवाल्या बाईंना कारण लागायचं, आणि ते कारण म्हणजे चौसष्ट पानी फॉर्म. अकरा वर्षं, दर सहा महिन्यांनी, तीच गल्ली, तीच घरं. आधी कोण जेवतं, औषध कोणासाठी आणतात, शेवटचा शब्द कोणाचा, असले प्रश्न. गरीब कुटुंबं निर्णय कसे घेतात, हे म्हणे संशोधकांना त्यातून कळणार होतं. दुसऱ्यांच्या घरातलं सगळं बाईंना तोंडपाठ. त्यांचं स्वतःचं घर म्हणजे एक खोली, एक खुर्ची आणि तिच्यावर वाळत टाकलेला टॉवेल.

त्यांचं लाडकं घर शिवणकाम करणाऱ्या मावशींचं. मावशी आणि त्यांचा मुलगा, दोघंच. बाई दिसल्या की मावशी मशीन थांबवत, कापडांचा ढीग सरकवून जागा करत आणि प्रश्न यायच्या आत उत्तर देत.

"आधी मुलगा जेवतो, मग मी. लिहा."

गेल्या तीन खेपांना मात्र मुलगा दिसला नव्हता. "कामावर गेलाय," मावशी म्हणत. दाराशी त्याचे बूट असत, पॉलिश करून चकचकीत ठेवलेले. या खेपेला बाईंचं पेन घरंगळत त्या बुटांपाशी गेलं. त्या उचलायला वाकल्या, तर बुटाच्या आत कोळ्याचं जाळं.

मावशींनी ते पाहिलं. "लग्न करून वेगळा झाला. दीड वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "एकटीचं घर तुमच्यात बसत नाही ना?"

नव्हतंच बसत. एकट्या माणसाचं घर यादीतून काढायचं, हा नियम बाईंनीच कधीतरी गप्पांच्या ओघात सांगितला होता. नसती अक्कल पाजळली होती!

"दोनच लिहा की बाई. कोणाचं काय जातंय? तेवढंच कोणीतरी येऊन बसतं."

फेरतपासणीला साहेब कुठल्याही घरी येऊन थडकायचे, आणि नोकरीशिवाय बाईंना होतं तरी काय? त्यांनी 'एक' लिहिलं. मावशी नुसतं "बरं" म्हणाल्या आणि मशीन चालवू लागल्या.

रविवारी बाई पुन्हा त्या दारात उभ्या. फॉर्म नाही, पिशवी नाही. हात कुठे ठेवावेत ते कळेना. अकरा वर्षांत त्या कोणाकडे नुसत्या म्हणून गेल्या नव्हत्या. मावशींनी ढीग सरकवला. बाई बसल्या.

"काही विचारायचं राहिलं का?"

"नाही."

"तरी विचारा."

बाईंनी घसा खाकरला. "गेल्या सात दिवसांत या घरात किती माणसं जेवली?"

"एक," मावशी म्हणाल्या. "आणि तुमच्याकडे?"

अकरा वर्षांत हे बाईंना कोणी विचारलं नव्हतं.

"एक," त्या म्हणाल्या.