राणीने कूळ सांगितलं नाही

पहाटे कनाटाहून मॉन्ट्रियलला निघालो तेव्हा रस्त्याकडेला मार्चचा मळका बर्फ होता. राइड देणारे देशपांडेकाका नव्या ओळखीचे. हायवेला लागताच त्यांनी विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

मी मेश्राम. म्हणालो, "नागपूरकर."

"वा! जुन्या वाड्यांच्या महाल भागातले का?"

"तिथलेच." मग मॉन्ट्रियल येईपर्यंत मी महालातल्या त्या नसलेल्या घराला माडी चढवली, अंगणात विहीर खणली, एक आत्याही नांदवली.

ऑफिसातल्या डॅनियलने मला तिथल्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) पुरीमला, म्हणजे एस्तेर राणीच्या सणाला बोलावलं होतं. मी सूट-टाय घालून गेलो. तिथे सगळे सोंगं घेऊन आलेले: कुणी वाघ, तर एक गृहस्थ चक्क केळं. केळ्याने मला न्याहाळून विचारलं, "तुम्ही काय बनून आलात?"

"इंजिनिअर."

"छान जमलंय," केळं म्हणालं.

डॅनियलने हातात खुळखुळा दिला. "दुष्ट प्रधानाचं नाव आलं की वाजव. आमची सगळी जमात संपवायचा हुकूम त्याने काढला होता. ते नाव ऐकू येता कामा नये."

चर्मपत्राची गुंडाळी उलगडली, वाचन सुरू झालं. हिब्रू मला शून्य. एक नाव जरा दणकट वाटलं आणि मी खुळखुळा गरागरा फिरवला. एकट्यानेच. वाचणारा ओळीवर थांबला.

"प्रधान अजून आलाच नाही रे," डॅनियल कुजबुजला. "आता ती ओळ पुन्हा वाचणार. बाकीचा एकही शब्द बुडून चालत नाही."

"कुठली ओळ?"

"राजवाड्यात एस्तेरने आपली जमात, आपलं कूळ सांगितलं नाही."

माझ्या कृपेने ती दोनदा वाचली गेली. सूटमध्ये मला उकडायला लागलं.

मग प्रधान आला आणि सभागृह दणाणलं. केळं नाचलं, एका आजींनी काठीने फरशी ठोकली. हुकूम काढणाऱ्याचं नाव ही माणसं शतकानुशतकं असं बुडवत आलीत, आणि घाबरलेल्या मुलीचा शब्द मात्र बुडू देत नाहीत. वाजवायचं सोडून मी नुसता बघत राहिलो. डॅनियलने शेवट कानात सांगितला: जेवताना राणी राजाला म्हणाली, ज्यांना संपवायचा हुकूम निघालाय, मी त्यांच्यातलीच.

परतताना डॅनियलने खसखशीच्या तीनकोनी बिस्किटांचा डबा दिला.

"शनिवारी आमच्याकडे सत्यनारायण," गाडीत काका म्हणाले. "या, नागपूरकर."

राणीचा जीव पणाला लागला होता. माझी फक्त राइड. तरी बाहेरची गोठलेली शेतं एकदा पाहून घेतली आणि डबा पुढे केला. "काका, आधी हे घ्या. माझं आडनाव मेश्राम. आम्ही बौद्ध. महाल मी बसमधून पाहिलाय."

काकांनी बिस्कीट घेतलं. ते संपवून विचारलं, "आणि ती विहीर?"

"विहीर तर आमची कधीच नव्हती."

शनिवारचा विषय पुन्हा निघाला नाही. कनाटाला उतरून चार पावलं गेलो, तर मागून हाक आली.

"मेश्राम, डबा राहिला."

आडनावाचं एकही अक्षर बुडालं नव्हतं.