पिशवी माहूरला, आम्ही लातूरला

उन्हाळा लागला की आमच्या गल्लीतले लोक प्रवासाला जातात आणि परत येऊन मागे राहिलेल्यांचा छळ करतात. समोरच्या इंजिनियरबाई उटीहून आल्या आणि अख्खी दुपार मला फोटो दाखवत बसल्या. प्रत्येक फोटोत त्या स्वतः, मागे धुकं. फोटो संपेपर्यंत माझी साखर संपली, कारण चहा मीच करत होते. त्याच दिवशी मी ठरवलं की आपणही प्रवासवर्णन लिहायचं. नांदेड ते लातूर. धुकं नाही, पण धूळ पाहिजे तेवढी.

आम्ही तिघं निघालो. माझे यजमान विनाअनुदानित शाळेत शिकवतात. गल्ली त्यांना सर म्हणते, म्हणून मीही सरच म्हणते. पगार सोडला तर त्यांचं बाकी सगळं सरांसारखंच आहे. अनुदान येणार, असं ते आमच्या लग्नाआधीपासून सांगतात. शाळा चालू असताना पगार अधूनमधून तोंड दाखवतो, सुट्टी लागली की तोही सुट्टीवर जातो. तिसरी आमची लेक प्रज्ञा. दहावीला शाळेत पहिली आली, इथवर ठीक होतं. पण तिला डॉक्टर व्हायचं आहे, आणि आमच्याकडे डॉक्टर व्हायचं म्हणजे आधी लातूरला जायचं, हे जणू शास्त्रात लिहून ठेवलं आहे. तिथल्या एका क्लासने परीक्षा घेऊन तिची फी माफ केली होती. राहायचं कुठे, एवढाच प्रश्न होता. तो सुटला तर पोरगी दोन वर्षं लातूरकडे, नाही सुटला तर आमच्याबरोबर परत. मला मनातून काय हवं होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

नांदेडच्या स्टँडवर गाडीत बसण्याची एक रीत आहे. गाडी फलाटाला लागायच्या आधी तिच्याबरोबर पळायचं आणि खिडकीतून दस्ती (मोठा रुमाल) नाहीतर पिशवी आत टाकायची. टाकली की जागा तुमची. मग कलेक्टर आला तरी उठवू शकत नाही. सर या कलेत स्वतःला वस्ताद समजतात. गाडी वळली तसे ते धोतर नसतानाही धोतर सावरल्यासारखे पळाले, खिडकीतून पिशवी टाकली आणि आम्हाला बोलवायला ऐटीत परत आले. पिशवीत भाकरी-ठेचा होता, आणि नणंदेसाठी नेलेलं लोणचं आणि नवं लुगडं होतं. आम्ही सामान उचलून पोचेपर्यंत कंडक्टरने पाटी लावली. पौर्णिमेची जादा गाडी, माहूर. दारात यात्रेकरू द्राक्षांसारखे लोंबत होते. सर ओरडत राहिले आणि गाडी भोकरच्या रस्त्याला लागली.

उटीवाल्या बाईंनी हे वाचावं: आमच्या घरातूनही त्या उन्हाळ्यात एकजण डोंगरावरच्या गावी जाऊन आला. ती आमची पिशवी. पुढे आठवड्याने ती डेपोत सापडली. लोणचं, लुगडं जागच्या जागी होतं, भाकऱ्या तेवढ्या कुणीतरी खाल्ल्या होत्या. ठेच्याला हात लावला नव्हता, म्हणजे माणूस बाहेरगावचा असावा.

लातूरच्या गाडीत आम्ही लोह्यापर्यंत उभे होतो. अहमदपूरला पोटात कावळे ओरडू लागले तेव्हा सरांनी भज्यांची एक प्लेट आणली. भूक नाही, असं ते म्हणाले. मला तेलकट चालत नाही, असं मी म्हटलं. प्रज्ञा म्हणाली, तिला गाडीत खाल्लं की मळमळतं. तिघंही एकमेकांकडे भजी सरकवत बसलो. शेवटी भजी गार झाली आणि मी वैतागून तीन वाटे केले. खोटं बोलण्यात आमच्या घरात कुणी कुणाला हार जात नाही.

लातूर दिसायच्या आधी पोरांचे चेहरे दिसतात. खांबावर, गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर, जिकडे पाहावं तिकडे गुणवंतांचे फोटो. निवडणुकीतल्या पुढाऱ्यांइतकेच मोठे, फक्त यांनी निदान काहीतरी केलेलं असतं. त्यांच्या खाली रसवंत्या, खानावळी, झेरॉक्सची दुकानं, आणि आपापल्या पोराचा हात धरून उन्हात फिरणारे आईबाप. भूकंपानंतर याच शहरात मदतीचे ट्रक येत होते म्हणतात. आता पोरांच्या गाद्या आणि पत्र्याच्या पेट्या येतात.

क्लासच्या गारेगार खोलीत एक तरुण बसला होता. त्यालाही सर म्हणत होते. आमच्या सरांचा शर्ट पाठीला चिकटलेला, याचा नुकता इस्त्रीतून निघालेला. फी माफ आहेच, असं म्हणून त्याने आमच्यावर उपकार केल्यासारखं पाहिलं. मग म्हणाला की अभ्यासाला वातावरण लागतं. वातावरण म्हणजे काय, असं मी विचारलं. वातावरण म्हणजे त्याच्याच मेव्हण्याचं होस्टेल होतं, आणि ते आमच्या ऐपतीबाहेरचं निघालं. जिना उतरताना प्रज्ञाने माझी पर्स स्वतःकडे घेतली, लहानपणी रुसली की घ्यायची तशी. मला त्या पोराच्या इस्त्रीचा राग आला, आणि सरांच्या घामाचा त्याहून जास्त.

मुक्काम अक्कांकडे होता. अक्का म्हणजे सरांची थोरली बहीण. औशाच्या पुढे, भूकंपानंतर नव्याने वसवलेल्या गावात एकट्या राहतात. सगळी घरं सारखी, ओळीत उभी. जुन्या गावात दगडाच्या भिंती आणि वर माळवद (माती-लाकडाचं सपाट छत) होतं. त्या पहाटे अक्का अंगणात उठून आल्या होत्या म्हणून वाचल्या. नवरा आणि पाळण्यातली मुलगी आत होती.

तेव्हापासून अक्का छताखाली झोपलेल्या नाहीत. सरकारी खोलीला पक्का स्लॅब आहे. तिच्यात कडबा आणि शेळ्या. अक्कांची बाज अंगणात, पावसाळ्यात पत्र्याच्या छपरीत. शेळ्या स्लॅबखाली आणि मालकीण उघड्यावर, यावर मी लग्न झाल्यापासून नाक मुरडत आले आहे. इतकी वर्षं झाली, आता कसली भीती, असं मी सरांना कितीदा ऐकवलं असेल.

रिकाम्या हातांनी गेलो म्हणून मी ओशाळले होते. पिशवीची कथा ऐकून अक्का डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग येसराची आमटी (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची), ज्वारीची गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. सरांनी जेवता जेवता होस्टेलचं सांगितलं. अक्का भाकरी थापत राहिल्या. मला वाटलं, संपलं. उद्या पोरगी आपल्याबरोबर परत. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

सकाळी उठून पाहते तर अक्का खोलीतला कडबा बाहेर ओढत होत्या. शेळ्या छपरीत बांधल्या होत्या. जमीन धुतली, बुद्धाची तसबीर पुसून पुन्हा टांगली, खिडकीखाली पाट मांडला आणि त्यावर कंदिलाच्या जागी बल्ब ओढून घेतला. म्हणाल्या, लातूरची पहिली एसटी फाट्यावरूनच जाते, पोरींना पास फुकट असतो, गावातल्या दोघी तशाच रोज जातात-येतात.

माझी जीभ गप्प बसेना. मी म्हटलं, "आणि रात्री? पोर आत एकटी, तुम्ही बाहेर अंगणात?"

"एकटी कशाला? मी हाय की आत."

सरांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "अक्का, तुला झोप यील का स्लॅबखाली?"

"न्हाई आली तर न्हाई," अक्का म्हणाल्या. "पोरीला तर यील."

दुपारी ऊन अंगणात उतरलं तेव्हा प्रज्ञा पुस्तक घेऊन आत बसली. अक्कांनी वाकळ (जाड गोधडी) उचलली, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबल्या आणि आत गेल्या. प्रज्ञाशेजारी आडव्या झाल्या. डोळे मिटले नाहीत; स्लॅबकडे एकटक पाहत होत्या, आणि प्रज्ञाच्या ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. प्रज्ञा पान उलटताना दुसरा हात वापरत होती, ओढणी ताणू नये म्हणून. मी दारातून पाहिलं आणि मागच्या बाजूला जाऊन शेळ्यांपाशी रडले. जिला मी हसत आले, तिने माझ्या पोरीसाठी एवढं केलं होतं. इतका मोठा आहेर मला माहेरूनसुद्धा कुणी केला नाही.

दोन दिवसांनी आम्ही परत निघालो. लातूरच्या स्टँडवर गाडी वळताच सर पळाले. या वेळी आधी पाटी वाचली, मग खिडकीतून दस्ती टाकली. मी वर चढून पाहते तर तिघांचा बाक धरलेला. सर कडेला, माझ्यासाठी मधली जागा, आणि दस्ती खिडकीत पसरलेली. खिडकी प्रज्ञाची असते. लहानपणापासून तिच्यावरून कुणी भांडलेलं नाही.

गाडी भरत आली. तान्हं मूल घेतलेल्या एका बाईने विचारलं, "खिडकीत कोनी हाय का?"

सर खाली पाहत राहिले. कुणासाठी धरलीत, असा टोमणा माझ्या जिभेवर आला होता. तो मी गिळला. टोमणा गिळण्याची मला सवय नाही, घसा दुखला.

"हाय," मी म्हटलं. "पण ती आत्याकडे राहिली. बसा तुम्ही."

सरांनी दस्ती उचलली, घडी केली आणि माझ्या हातात दिली. तिला त्यांच्या घामाचा वास येत होता. चाकूर येईपर्यंत मी ती डोळ्यांवरून काढली नाही.