फॉलोअप कुठाय?

जुने अंक रद्दीवाला घेऊन जातो, किस्से मात्र ऑफिसातच साठत राहतात. कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी डेस्कवर आहे, म्हणजे दुसऱ्यांनी पाठवलेल्या बातम्या नीट करतो. आमचे वृत्तसंपादक अण्णा. रोजच्या मीटिंगला त्यांचा एकच प्रश्न, "कालच्या बातमीचं पुढं काय? फॉलोअप कुठाय?" शब्द एकच, पण ज्याचा त्याचा फॉलोअप वेगळा.

*

क्राईमचा संभा रोज सकाळी पोलीस ठाण्यात फोन करतो, "साहेब, काय प्रगती?" एवढाच त्याचा फॉलोअप. एका चोरीसाठी त्याने सलग आठवडाभर फोन केला. आठव्या दिवशी कंटाळला आणि केलाच नाही.

दुपारी साहेबांचाच फोन! "संभा, त्या चोरीचं पुढं काय झालं रं? आज पेपरात काय आलं न्हाय."

*

क्रीडा पानाचे बापू कुस्तीचे जाणकार. मैदान झालं की दुसऱ्या दिवशी जिंकलेल्या पैलवानाच्या तालमीत जायचं आणि त्याचा खुराक छापायचा, दूध किती, बदाम किती. हा त्यांचा फॉलोअप.

एकदा हरलेला पैलवानच ऑफिसात आला. दार भरून गेलं. आता बापूंचं काही खरं नाही, असं वाटून आम्ही सगळे उभे राहिलो. तो हळूच म्हणाला, "बापू, बदाम मीबी खातोय की."

*

चॅनेलवाल्या एका मित्राचा फॉलोअप म्हणजे शर्ट बदलून त्याच खड्ड्यापाशी उभं राहायचं. एकदा गेला तर खड्डा बुजवलेला. खरं तर बातमीचं यश, पण हा कपाळाला हात लावून बसला. गल्लीतल्या एका आजोबांना त्याची दया आली.

"पावणं, वाईट वाटून घेऊ नगासा. मागच्या गल्लीत ह्याच्यापेक्षा मोठा हाय, चला दावतो."

*

आमची वेबसाइट स्नेहल सांभाळते. तिथे दर दोन तासांनी फॉलोअप लागतो. उसात बिबट्या दिसल्याची बातमी आली त्या दिवशी तिने ओळीने टाकलं, 'बिबट्या दिसला', 'बिबट्या गेला कुठे?', 'बिबट्या अजून दिसला नाही'.

अण्णा म्हणाले, "त्या बिबट्याला तरी कळवा, आपण त्याला हुडकतोय म्हणून."

*

शाहूवाडीकडचे आमचे वार्ताहर कांबळे काका. भातशेती करतात आणि बातम्या पाठवतात. त्यांच्या वस्तीजवळ ओढा आहे, आणि पावसाळ्यात तो ओलांडायला लाकडी ओंडक्यांचा साकव. अकरा वर्षांपूर्वी काकांनी फोटो पाठवला, साकवावरून दप्तर घेऊन जाणारी पाचवीतली मुलगी. अण्णांनी पहिल्या पानावर लावला. तेव्हापासून दर जुलैला फॉलोअप, तोच साकव, तीच मुलगी, एक वर्षाने मोठी. 'पूल मंजूर' हे आम्ही दोनदा छापलं. पूल काही झाला नाही.

यंदा जूनमध्ये काका स्वतःच ऑफिसात आले. "अण्णा, ह्या वर्षी फोटो नको."

अण्णा भडकले. "पुलाच्या कंत्राटदारानं सांगितलं व्हय?"

काका खाली बघत म्हणाले, "पोरगी माझीच हाय. लगीन ठरलंय तिचं. तुमच्या पेपरातला फोटो बघून आधीचं दोन पावणं वस्तीवर आलंच न्हाईत. ह्यो पोरगा सैन्यात हाय, रजा जुलैत. आमच्यात मुहूर्त बघत न्हाईत, म्हणून भर पावसात ठरलंय. आता हेबी माघारी फिरलं तर?"

अण्णा म्हणाले, "फॉलोअप नको." हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकले. मला मात्र स्वतःची लाज वाटत होती. अकरा वर्षं फोटोखाली मीच 'शाळकरी मुलगी' लिहिलं, कॉलेजला गेल्यावर 'विद्यार्थिनी' केलं. नाव एकदाही विचारलं नाही.

जुलैत एका दुपारी अनोळखी नंबरवरून माझ्या मोबाईलवर फोटो आला. पांढऱ्या कपड्यांतला नवरदेव साकवाच्या मधोमध, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात. मागे एकमेकांचे हात धरून सगळं वऱ्हाड.

खाली मेसेज होता, "सर, पप्पा पाठवणार नाहीत, म्हणून मी पाठवतेय. यंदाचा फॉलोअप. फोटो मीच काढलाय, खाली माझं नाव घाला. संघमित्रा कांबळे."