बर्फाला घातलेली बंडी

आमची पलटण त्या उन्हाळ्यात अमरावतीच्या कॅम्पात होती. लोहमार्ग तेव्हा अकोल्यापर्यंतच पोचला होता. अमेरिकेत लढाई जुंपल्यामुळे तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला होता आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. अमरावती ते अकोला हा रस्ता कापसाच्या गाड्यांनी भरून वाहत असे. लुटारू कापसासाठी माणूस मारीत, म्हणून त्या गाड्यांवर पहारा देणे हे आमचे रोजचे काम. पहाटे फॉल इन, गाड्यांची मोजणी, मार्च, अकोल्याला पोच, आणि रिकाम्या गाड्यांबरोबर परत.

पलटणीबाहेरची माणसे मला विचारतात, कोणती लढाई पाहिली. मी त्यांना बर्फाची हकिगत सांगतो. माझ्या मते ती लढाईच होती.

मी छापील चोपड्यांवर वाढलो. आमच्या पंतोजींकडे मुंबईहून चार-चार पानांच्या चोपड्या येत. दारू का सोडावी, मुलींना का शिकवावे, उष्णता म्हणजे काय. शिधा सांभाळावा तशा मी त्या सांभाळल्या आणि भरतीला जातानाही बरोबर नेल्या. पलटणीत माझे नावच 'चोपडी' पडले. मला त्याची लाज नव्हती, आजही नाही. जे खरे आहे ते छापून गावोगाव पोचले पाहिजे, असे मी तेव्हाही भांडून सांगत असे.

वैशाखात हुकूम आला. साहेबांच्या मेसमध्ये मोठी मेजवानी होती. दारू गार करण्यासाठी मुंबईहून बर्फाची पेटी आगगाडीने अकोल्याला येणार होती. ती गाडीबैलाने अमरावतीला आणायची. रस्त्यात मुक्काम करायचा नाही. दुपारीही थांबायचे नाही.

गार्डावर आम्ही तिघे. कमांडर इमामखान हवालदार, बाळापूरचे, अठरा वर्षांची नोकरी, जमादारीच्या उंबरठ्यावर. दुसरा जानराव, मोर्शीकडचा, पलटणीत सगळ्यांत जास्त बोलणारा आणि सगळ्यांत जास्त खाणारा. तिसरा मी. गाडी नथ्थूची. नथ्थू कॅम्पातलाच भाड्याचा गाडीवान.

अकोल्याच्या स्टेशनावर पेटी ताब्यात घेतली. आत लाकडाचा भुसा, भुशात कांबळी, कांबळ्यांत बर्फ. गारा सोडल्या तर असले काही आमच्यापैकी कोणी पाहिले नव्हते. जानरावाने बोट लावले आणि चटका बसल्यासारखे मागे घेतले. स्टेशनातल्या बाबूने सांगितले, हा बर्फ जहाजातून अमेरिकेहून आला आहे. जानराव विचारात पडला. लढाईपायी कापूस धाडता येत नाही आणि गोठलेले पाणी बरे धाडता येते, असे त्याचे म्हणणे. बाबूने पावती पुढे केली.

रात्रभर चाललो. दुसऱ्या दिवशी काटेपूर्णेच्या पलीकडे बैलांना कडबा टाकायला गाडी सोडली, तेव्हा हवालदारांना पेटीखालून पाणी ठिबकताना दिसले. त्यांनी झाकण उघडायला लावले.

"ह्या कांबळी कोणं घातल्या?"

मी सांगितले, मुंबईहूनच तशी आली आहेत.

"अबे, घोंगडी घेतली तर माणसाले घाम फुटते. अन् वैशाखात बर्फाले कांबळी? शिजून जाईन तो. काढा समद्या."

मी अटेन्शनमध्ये उभा राहिलो. म्हणालो, "साब, कांबळं ऊब देत नाही, ऊब अडवते. आपल्या अंगातली बाहेर जाऊ देत नाही. उन्हातली आत येऊ देत नाही."

"कोणं सांगतलं?"

"चोपडीत हाय."

"तुह्या चोपडीनं वैशाख पाह्यला काय?"

नथ्थू हसला. जानराव म्हणाला, हुकूम मोडायला नको आणि चोपडीही खोटी ठरायला नको, बर्फालाच विचारू. हवालदारांना न्यायाची फार हौस. त्यांनी आपल्या पडशीतून कापूस भरलेली जाड बंडी काढली. त्यांच्या बायकोने शिवलेली होती. पौषातल्या पहाऱ्यावर ती अंगात घातली की ते शेगडीजवळ बसल्यासारखे दिसत. कैरीएवढे दोन खडे पेटीतून काढले. एक उघडा, वाटीत, कडुलिंबाच्या दाट सावलीत ठेवला. दुसरा बंडीत गुंडाळून गाडीच्या साटीवर, ऐन उन्हात. बैलांचा कडबा संपेपर्यंत मुदत ठरली.

कडबा संपला. वाटीत कोमट पाणी होते. हवालदारांनी बंडी उलगडली. खडा आत तसाच, कडा थोड्या गोल झालेल्या. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि उलटसुलट फिरवून पाहिला.

"कांबळी होत्या तशा बांधा," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "चोपडीले सांग, हवालदारानं सलाम केला."

त्यानंतर मी कोसभर तरी छाती काढून चाललो. मूर्तिजापूर मागे पडले आणि माझ्या लक्षात आले की जानराव बोलत नाही.

भर दुपार होती. भाजणारी लू सुटली होती. मी मागे वळून पाहिले तर तो रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत चालत होता. त्याच्या कपाळावर घाम नव्हता. मी हाक मारली. तो गुडघ्यांवर बसला आणि तोंडावर पडला.

अंग तव्यासारखे. कातडी कोरडी. पत्र्याच्या डब्यातले पाणी आंघोळीच्या पाण्याएवढे ऊन झाले होते. ते ओतून काही होईना. जवळ गाव नाही, विहीर नाही. असे ऊन लागलेली माणसे उन्हे कलेपर्यंत टिकत नाहीत, हे पलटणीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते.

हवालदारांनी पेटीकडे पाहिले. दोन कैऱ्यांएवढा बर्फ कोणी विचारला नसता. आताची गोष्ट वेगळी होती. नथ्थू हलक्या आवाजात म्हणाला, "हवालदार साब, साहेब लोक दंडावरची फीत काढून घेतीन."

"फीत काढली तर दंडाले हवा लागन. उघड पेटी."

आम्ही कांबळी काढून काठ्यांवर टाकली आणि जानरावावर सावली केली. बर्फ डोक्यावर, मानेला, काखेत, मनगटांवर. ओले धोतर अंगावर टाकून मी वारा घालू लागलो. माझ्या मनात संताप होता, तो आज लिहितो. मेजवानीतल्या पेल्याला गारवा हवा म्हणून माणसाला भर दुपारी चालवायचे. उष्णता शिपाई आणि साहेब असा भेद करीत नाही. भेद हुकूम लिहिणारा करतो.

बर्फ झपाझप जात होता. पेटी उघडी, कांबळी जानरावावर, आणि लूने भुसा उडवून नेलेला. उरलेला बर्फ उघड्यावर पडला होता, आणि तो संपला की आमच्याजवळ दुसरे काही नव्हते.

तेवढ्यात अकोल्याकडे जाणाऱ्या कापसाच्या दोन गाड्या समोरून आल्या. पुढच्या गाडीवर गयाबाई नावाची शेतकरीण बसली होती. स्वतःच्या शेताचा कापूस स्वतःच विकायला निघालेली. तिने गाडी थांबवली आणि काय झाले ते विचारले. हवालदारांनी थोडक्यात सांगितले, आणि पेटीभर कापूस मागितला. तो मागताना त्यांचा आवाज खाली आला. त्या दिवसांत कापूस मागणे म्हणजे दागिना मागण्यासारखे होते.

"माय, एकदा ओला झाला का कोणी घेनार नाई," त्यांनी सांगून टाकले.

"मले नाई माहीत काय? म्या वेचला हाय तो," ती म्हणाली, आणि गड्याला कापसावरचे पाल सोडायला सांगितले. "त्या पोराच्या डोक्याखालीबी घाला थोडा. दगडावर टाकलं लेकराले."

आम्ही पेटी कापसाने दाबून भरली. बर्फ दिसेनासा झाला. लागेल तेवढा हात घालून काढायचा आणि पुन्हा झाकायचा. गयाबाई जानरावाच्या उशाशी बसून पदराने वारा घालू लागली.

उन्हे कलली तेव्हा जानरावाच्या कपाळावर पाणी दिसले. मी पुसले. ते पुन्हा आले. घाम होता. मग त्याने डोळे उघडले.

"मी मेलो काय?"

"नाई," हवालदार म्हणाले.

"मंग एवढं गार काहून लागून राह्यलं?"

"मेला असता तर गरम लागलं असतं. तुहे गुन माहीत हाय मले."

आधी गयाबाई हसली. मग नथ्थू, मग आम्ही सगळे. भर रस्त्यात, बैल उभे, आणि आम्ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होतो. जानरावाने तोंडात ठेवलेला बर्फाचा खडा चोखला आणि विचारले की अमेरिकेत पाण्याबरोबर खायलाही काही करतात का.

त्याला गाडीत निजवून आम्ही मेजवानीच्या दिवशी कॅम्पात पोचलो. अॅडजुटंट साहेब क्वार्टर गार्डसमोर उभे होते. हवालदारांनी सलामी दिली.

"पेटी हजर, साहेब. अर्धा बर्फ मेसला. अर्धा शिपाई जानराव याच्या डोक्याला."

"कोणाच्या हुकमाने?"

"माझ्या."

साहेबांनी कापूस बाजूला केला. आत बर्फ होता. त्यांनी कापूस पुन्हा नीट दाबून बसवला. फीत राहिली. हवालदारांना शिक्षा म्हणून हॉस्पिटलवर जादा पहारा मिळाला, आणि जमादारी त्या वर्षी दुसऱ्या कोणाला. हॉस्पिटलात जानरावाच्या खाटेशी मी या अन्यायावर एक चोपडी लिहायला बसलो. हवालदार म्हणाले, कागद ठेव, वर पाहा.

वर हॉस्पिटलचे छप्पर होते. एकेरी कवेलू, म्हणजे मातीची कौले. दुपारी आत भट्टी. साहेबांच्या बंगल्यांवर मात्र हातभर गवताचे दुहेरी छप्पर आणि भोवती रुंद ओसरी.

"ह्यालेबी बंडी पायजे," हवालदार म्हणाले.

डॉक्टर साहेबांची परवानगी त्यांनीच काढली. वेचणी संपली की शेतकरी कापसाची वाळली झाडे, पऱ्हाट्या, जाळून टाकीत. त्या आम्ही गाड्या भरभरून आणल्या. कवेलूंखाली पऱ्हाट्यांचा थर, त्याखाली गवत, त्याला मातीचा लेप. सगळी कंपनी विनाहुकूम कामाला आली. जानराव खाटेवर पडल्या पडल्या कमांड देत होता, "राइट. आणखी राइट. हॉल्ट." लेप वाळला त्या दुपारी आजारी माणसे पहिल्यांदा झोपली. पहाऱ्यावर उभे असलेले हवालदार आत डोकावून, घोरणे ऐकून, मिशीत हसत परत जागेवर गेले.

पुढच्या पौषात मेळघाटाकडचा कापूस आणताना पायथ्याशी आमच्या गाड्यांवर लुटारू आले. इमामखान हवालदारांना पहिली गोळी लागली. गाड्या वाचल्या. जानरावाने बंडी त्यांच्या अंगावर घातली आणि गळ्यापर्यंत ओढून घेतली. मी जवळ होतो. बंडी ऊब देत नाही, असलेली राखते. त्या पहाटे तिला राखायला काही उरले नव्हते.

मी नोकरी सोडली. लोहमार्ग पुढे सरकला आणि जानराव बडनेऱ्याच्या स्टेशनावर माल चढवणारा-उतरवणारा खलाशी झाला. बंडी हवालदारांच्या बायकोने त्यालाच दिली.

परवाच्या वैशाखात तो आणि मी बाळापूरला हवालदारांच्या कबरीवर गेलो. त्याच्या काखेत बंडीचे गाठोडे होते. साहेबांच्या बर्फाच्या पेट्या उतरवताना फुटलेला एक तुकडा त्याने मागून घेतला होता. अकोल्याच्या पलीकडेपर्यंत आगगाडीत आणि मग पायी, पण उलगडले तेव्हा मुठीएवढा बर्फ शिल्लक होता.

जानरावाने तो कबरीवर ठेवला. अटेन्शनमध्ये उभा राहिला.

"उघडा ठेवला हाय, साब. तुमच्या पयल्या हुकमापरमाने."

आम्ही दोघेही हसलो. बर्फ पार वितळून दगडात जिरेपर्यंत कोणी हलले नाही. मग त्याने ओली बंडी पिळली, तेही पाणी तिथेच सोडले, आणि आम्ही लेफ्ट टर्न करून निघालो.