दोरघरातला तुटका दोर

धक्क्याच्या मागच्या गल्लीत ती इमारत अजून उभी आहे. इतकी लांब, की एका टोकाला शिंकलं तर दुसऱ्या टोकाला पत्ता लागायचा नाही. बांधली तेव्हा मिठाची वखार होती. मग कित्येक वर्षं तिथे जहाजांचे दोर वळायचा कारखाना चालला. तो बंद पडल्यावर मोडक्या होड्या आणि कबुतरं यांनी ती आपसात वाटून घेतली. आता तिथे वाचनालय झालंय. तरी जुनी माणसं पत्ता सांगताना दोरघरच म्हणतात.

कारखाना चालू होता तेव्हाची ही गोष्ट. दोरवाली लग्नाआधीपासून तिथे कामाला होती. कमरेला तागाचे तंतू गुंडाळायचे, टोक चाकाला अडकवायचं आणि धागा सोडत सोडत उलटं चालत जायचं, पार दुसऱ्या भिंतीपर्यंत. बंदरावरचे टवाळ या बायकांना हडळी म्हणायचे, कारण उलटी पावलं त्यांचीच. बायकाही कमी नव्हत्या. "मग दार नीट लावून झोपत जा," म्हणायच्या. तिच्या शेजारच्या चाकावर जी बाई होती, तिनेच हिला आपल्या भावासाठी हेरलं आणि ती हिची नणंद झाली. दोघी एकत्र कामाला जायच्या, एकत्र यायच्या. नणंद-भावजयीचं इतकं गूळपीठ बघून लोकांना चैन पडायचं नाही.

दोरघराचा एक नियम होता. प्रत्येकीने आपल्या दोराच्या पोटात आपल्या रंगाचा एक धागा घालायचा. उद्या दोर तुटला तर तो कुणाच्या हातचा, हे कळलं पाहिजे. दोरवालीचा हिरवा, नणंदेचा लाल.

आणि एके दिवशी दोर तुटला. समुद्र खवळला होता, दोरवालीचा नवरा धक्क्यावर जहाज बांधत होता. तो जहाज आणि धक्का यांच्या मधे सापडला. ती तेव्हा सात महिन्यांची गरोदर, घरीच होती. तुटलेलं टोक ओळखायला मुकादमाने नणंदेला बोलावलं. ती परत आली, उंबऱ्याबाहेरच थांबली आणि म्हणाली, "लाल निघाला. माझा."

दुसऱ्या दिवसापासून नणंदेचं काम गेलं. मुलगी झाली, दोरवाली तिला घरी ठेवून पुन्हा उलटं चालायला लागली. नणंद घर बघायची, पोरीला वाढवायची. एका छपराखाली दोघी म्हाताऱ्या झाल्या, पण दोरवाली तिच्याशी बोलली नाही. काही सांगायचंच झालं तर पोरीमार्फत. "आत्याला सांग, डाळ संपलीय." आत्या शेजारीच बसलेली असायची. नणंदेने रांधलेलं ती जेवायची, पण पाठ करून. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ वळणारीच बाई होती.

मुलगी शिकली आणि त्याच वाचनालयात कामाला लागली. एक दिवस ती जपून बोलली, की माळा साफ करताना बाबांचा तो दोर सापडलाय, मुकादमाने चिठ्ठी बांधून ठेवलेला. दाराशी काचेच्या पेटीत लावलाय. आईने येऊन बघावा.

नणंदेच्या हातातली पळी थांबली. मेलेल्या माणसाचा दोर काय बघायचा, असं ती पुटपुटली. मग म्हणाली, की गुडघे दुखतात तुझ्या आईचे, कशाला तंगडतोड करायला लावतेस. दोरवालीला त्या बोलण्याचा संताप आला. हिला आपला लाल धागा जगासमोर यायला नको आहे, एवढंच तिला कळलं. तो डोळ्यांनी बघायचाच, असं तिने ठरवलं.

सकाळी ती गेली. चाकांच्या जागी कपाटं होती आणि माणसं माना खाली घालून वाचत होती. दाराशी पेटी. तुटलेल्या टोकाचे तंतू केरसुणीसारखे फिसकारले होते आणि मधोमध एक धागा होता. हिरवा. पिळाच्या आत राहिल्यामुळे रंग अगदी कालचा वाटावा असा ताजा.

तिने मुलीला चिठ्ठी वाचायला लावली. साल तेच, धक्का तोच, नाव नवऱ्याचंच. तिने पुन्हा वाचायला लावली. मुलीने खुर्ची आणली, पण ती बसली नाही. इतकी वर्षं जो राग तिने ताठ मानेने मिरवला, तो आता कुठे ठेवावा, हेच तिला कळेना.

घरी आली तेव्हा नणंद भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"बघितलास?"

"बघितला." नवरा गेल्यापासून नणंदेशी बोललेला हा तिचा पहिला शब्द. "का असं केलंत?"

नणंद हातातली भाकरी तव्यावर टाकून मग बोलली. "भाऊ तर गेलाच होता. तुझ्या हातच्या दोराने गेला, हे तुला सांगितलं असतं तर तू त्याच्या मागे गेली असतीस, पोटातल्यासकट. मुकादमाला म्हटलं, एकीला काढायचंच तर मला काढ आणि तोंड बंद ठेव. देवमाणूस, त्याने ठेवलं."

"आणि नंतर? पोरगी मोठी झाल्यावर तरी सांगायचं."

"तोवर तू त्या रागाच्या आधारावर उभी राहिली होतीस. तो काढून घ्यायला माझा हात धजेना."

दोरवाली भिंतीला धरून खाली बसली. रडू आलं ते तिने आवरलं नाही. नणंद तव्यावरची भाकरी उलटत राहिली, कारण ती करपली असती.

मग दोरवालीने दोन ताटं घेतली, समोरासमोर मांडली. गरम भाकरी पहिल्या ताटात वाढली आणि ते ताट नणंदेकडे सरकवलं.

"वन्सं," ती म्हणाली, "आधी तुम्ही."